रविवारचं स्कॅन

मुकुंदवाडीत एकटे राहणारे लक्ष्मणराव भूमापन कचेरीतून निवृत्त झालेले. लेक चारुतानं बंगळूरहून नवा लॅपटॉप पाठवला आणि व्हायरस शिरू नये म्हणून त्यात फुकट मिळणारं अँटिव्हायरसही टाकून दिलं. तेव्हापासून दर रविवारी दहाला ती फोन करून त्यांच्याकडून स्कॅन करून घेई. खरं तर त्यांना ते पहिल्याच आठवड्यात जमलं होतं. तरी ते विचारत, "आता कुठलं बटण गं, पोरी?" स्कॅन चाले तेवढा अर्धा तास लेकीचा आवाज घरात असे.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, किती वेळा विसरणार? खाली 'आपोआप स्कॅन' दिसतंय का? ते चालू करा, म्हणजे तुमची कटकट मिटली."

ते समोरच होतं. नाही दिसत, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण माहीत असून बटण विचारणं वेगळं आणि सरळ खोटं बोलणं वेगळं. डोळ्यांपुढचं नाही म्हणायची त्या माणसाला सवय नव्हती.

"दिसलं," ते म्हणाले आणि त्यांनी ते चालू केलं.

पुढच्या रविवारी दहाला स्कॅन आपोआप झालं. धोका एकही नव्हता. चारुताचा फोन मात्र आला नाही. मग लक्ष्मणरावांनीच फोन लावला.

"काय अडलं, बाबा?"

"अडलं काहीच नाही गं," ते म्हणाले, "रविवारचे दहा वाजले, म्हणून केला."