उष्ट्या खिरीचा नैवेद्य

देवी आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर, भर उन्हात गोदामांच्या गर्दीत वाट चुकून उभी असताना मी तिला चक्क विचारलं, ‘अगं बाये, हायस तरी कुठं तू?’ सत्तरी उलटल्यावर देवीवर चिडणं शोभत नाही. पण चिडले.

आमचं गाव अंजूर. भातशेती विकली, तिथे गोदामं उठली. बांधावरची देवी तेवढी जागच्या जागी राहिली. घरात नवा तांदूळ आला की त्याची गुळाची खीर आधी तिला, मग घरच्यांना, हा आमचा नेम. आता तांदूळ अंबाडी गावात दिलेल्या बहिणीकडून येतो, पण नेम मी सोडला नाही. निघताना नात म्हणाली, “आजी, रिक्षाने जा. देवीजवळच्या गोदामाचा नंबर लिहून देते.” माझं डोकंच फिरलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या वाटेने जातेय, आणि ही मला नंबर देणार! हल्लीच्या पोरांना वाटतं, म्हातारीला काही कळत नाही. खरंच कळत नव्हतं, पण ते तेव्हा कोण कबूल करणार?

सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि नैवेद्याआधी खायचं नाही म्हणून पोटात अन्नाचा कण नाही. शुद्ध मूर्खपणा! पूर्वी चिंचेपासून चौथा बांध गाठला की देवी यायची. त्या वर्षभरात चिंच तोडली, उरलेसुरले बांधही बुजवले, जिकडे बघावं तिकडे निळे पत्रे आणि कंटेनर. तासभर वाट तुडवली. मग दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर उतरली हे मला समजत होतं. हातातल्या डब्यात गोड खीर होती, आणि मी ती खात नव्हते. देवीआधी कशी खायची? एका गोदामाच्या दारात मटकन बसले.

आतून एक बाई धावत आली. खोक्यांना चिकटपट्ट्या लावणारी, परमुलखातली, माझ्या सुनेपेक्षाही लहान. “अम्मा, शुगर है क्या?” मी मान डोलावली. तिने डबा उघडायला घेतला तशी मी झाकण दाबून धरलं. “न्हाय, देवीचा हाय!” मग ती जी भडकली! “मर जाओगी तो देवी को कौन खिलाएगा? मुँह खोलो!” माझ्यावर असं कुणी ओरडल्याला कैक वर्षं झाली होती. मी मुकाट्याने तोंड उघडलं. तिने बोटांनीच खीर भरवली.

जरा हुशारी आल्यावर तिने कुठली देवी ते विचारलं, आणि मला धरून गोदामाच्या मागे नेलं. वीस पावलांवर देवी! ताजा शेंदूर, जास्वंदीचं फूल, विझलेला दिवा. ती बाई रोज ड्युटीआधी दिवा लावत होती. आणि मी वर्षातून एकदा येऊन समजत होते की देवीला माझ्याशिवाय कुणी नाही.

उरलेली उष्टी खीर देवीपुढे ठेवली आणि मला रडू कोसळलं. याच नैवेद्याची खीर माझ्या सुनेने एकदा भुकेपोटी चमचाभर चाखली होती. पहिलटकरीण होती बिचारी. मी अख्खं पातेलं म्हशीपुढे ओतलं आणि तिला संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवलं. त्यावर ती आजवर एक शब्द बोललेली नाही. देवीही गप्प राहिली, आणि इतक्या वर्षांनी माझ्यावर ओरडायला तिने त्या बाईला धाडलं. तुम्ही योगायोग म्हणा, माझं काही म्हणणं नाही.

पोरांनो, नेम जरूर पाळा, पण त्यापायी कुणाला उपाशी ठेवू नका. देवीचं पोट आपल्या हट्टाने भरत नाही. आणि गोळी घेतली की आधी खा रे बाबांनो!

यंदा नवा तांदूळ आला. खीर शिजली तशी सून म्हणाली, “आई, नैवेद्याची वाटी काढू?” मी पहिली वाटी तिच्याच हातात दिली. “आधी तू खा.” ती नुसती बघत राहिली.

“बघतेस काय? खा, निवेल ती,” मी खेकसले. खेकसले नसते तर रडले असते. ती उभ्या उभ्याच खाऊ लागली, डोळे पुसत. मग आम्ही दोन डबे भरले, एक देवीचा आणि एक त्या बाईचा, आणि दोघी रिक्षाने निघालो. गोदामाचा नंबर मी नातीकडून मागून घेतला होता.