कुमुदताईंची सोबत

फोन आला तेव्हा मी कंपनीत कोळंबीच्या ट्रेसमोर थर्मामीटर घेऊन उभी होते. "मावशी पहाटे गेली," एवढंच कुमुदताईंची भाची अश्विनी म्हणाली. रडू नंतर आलं. आधी मनात आलं… आता अडलं तर विचारायचं कुणाला? दीड महिना झाला, तरी त्या पहिल्या विचाराची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

याच कंपनीत मी अकरा वर्षं कोळंबी सोलली. घर मिरकरवाड्यात, नवरा ट्रॉलरवर खलाशी, माझी शाळा नववीत सुटलेली. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग बारावी, दोन्ही मुलीच्या पुस्तकांवर. मासळीप्रक्रियेचा डिप्लोमा करावा असं मनात होतं, पण कॉलेज म्हटलं की मी विषय बदलायची. तेव्हा मी ज्या प्रौढांच्या वर्गाला जात होते तिथल्या बाईंनी मला कुमुदताईंकडे धाडलं. कुमुदताई एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या. निवृत्तीनंतर, वय उलटल्यावर शिकायला निघालेल्या आमच्यासारख्यांना प्रवेशापासून नोकरीपर्यंत त्या सोबत करायच्या. शिकवायच्या नाहीत. कुठला दाखला कुठे मिळतो, कुठल्या खिडकीवर काय बोलायचं, मुलाखतीत कुठला प्रश्न आला की नजर खाली घालायची नाही… हे सांगायच्या, आणि नुसतं सांगून न थांबता बरोबर यायच्या.

प्रवेशाच्या दिवशी मात्र मी त्यांना न कळवता एकटीच गेले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवले. "ही बाई तुम्हीच कशावरून?" मागे रांगेत माझ्या मुलीच्या वयाची पोरं. कुणीतरी हसलं. मी तिथून निघाले ती थेट जेटीवर येऊन बर्फाच्या गाडीमागे बसले. तिथून मुलीला फोनवर सगळं सांगितलं. तिने ताईंना कळवलं असणार, तासाभराने कुमुदताई निऱ्या सावरत, चिखल चुकवत आल्या.

"घाबरलीस काय गो?"

"मी परत नाही जायची, ताई."

"नको जाऊस. पण नेमकं कशाला भ्यालीस ते तरी सांग. एकेक सांग."

मी सांगत गेले. पोरं हसतील. इंग्रजी जमणार नाही. कंपनी कामावरून काढेल. नावच जुळलं नाही तर सगळी वर्षं फुकट. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "नावाचं काम माझ्याकडे. प्रतिज्ञापत्र करू. इंग्रजीला वेळ लागेल. आणि पोरं हसतील, ते खोटं कशाला सांगू? थोडे दिवस हसतील."

हसलीच. पण प्रतिज्ञापत्र झालं, प्रवेश झाला, डिप्लोमाही झाला. मग मी त्याच कंपनीत माल तपासायच्या जागेसाठी मुलाखत दिली. कुमुदताई बाहेर वॉचमनच्या स्टुलावर बसून होत्या. जागा मिळाली.

गेल्या वर्षी त्यांचाच फोन आला. "सुनंदा, जरा हॉस्पिटलपाशी येशील?" मी गेले तर त्या फाटकाबाहेर फाईल छातीशी धरून उभ्या. चेहरा पांढराफटक. तपासणीचा रिपोर्ट घ्यायचा होता. "पाऊण तास झाला गो… पाय आत पडत नाही." ज्यांचा हात धरून आम्ही सगळे आत शिरलो, त्या कुमुदताई! मला त्यांच्याहून जास्त भीती वाटली. पण फाईल घेतली, खिडकी शोधली, फॉर्म भरला. नात्याच्या रकान्यापाशी थांबले. "लिही काहीतरी," त्या म्हणाल्या. मी 'बहीण' लिहिलं. रिपोर्ट त्यांनी माझ्याकडेच दिला. "तूच वाच. आता येतं तुला इंग्रजी." वाचता आलं… ते तेव्हा येत नसतं तर बरं, असं वाटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फाईल परत मागून घेतली.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी कागद लावायला अश्विनीने मला बोलावलं. त्यांच्या खोलीत, टेबलाच्या वर, कॅलेंडर होतं. चौकटीचौकटीत बारीक अक्षरात नावं. दुसऱ्या दिवशीच्या तारखेवर लिहिलं होतं: 'दिनकर, हातखंबा. दहा वाजता, कॉलेज. खूप घाबरतात.' खाली नंबर. मी तारीख पुन्हा एकदा वाचली. मग फोन लावला. दिनकरभाऊ ट्रक चालवायचे, पन्नाशीचे गृहस्थ. म्हणाले, "त्या गेल्या ना… मग कसला प्रवेश? मी राहू देतो."

"मी येते," म्हटलं आणि फोन ठेवला. मला काय येतं? कुणाला काय सांगणार मी?

सकाळी ते कॉलेजच्या फाटकाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी, ओठ सुकलेले. "बाई, तुम्हाला सगळं माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण ऑफिस डाव्या हाताला आहे, तेवढं माहीत आहे."

आम्ही डाव्या हाताला वळलो.