वांग्याच्या देठावरची सुई

चर्चची बाराची घंटा झाली की आमच्या गिरीज गावात वाड्यांतल्या, म्हणजे भाजीच्या मळ्यांतल्या, पाण्याच्या मोटरी बंद व्हायच्या. माणसं असतील तिथे उभी राहून देवदूताची प्रार्थना म्हणायची. मी मात्र वांग्याच्या ओळीत मांडी घालून तुडतुड्यांचं बोलणं ऐकत बसायची. मोटर चालू असताना तिच्या घरघरीत ते ऐकूच येत नसे, मग मी तरी काय करणार?

तुडतुडे म्हणजे तिळाहून जरासे मोठे हिरवे किडे. ते पान थरथरवतात आणि ती थरथर देठातून जोडीदारापर्यंत पोचते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई काढून मी ती देठाला बांधली होती. पुढे सेलवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन. एमएस्सीचं माझं सगळं काम या जुगाडावर चाललं होतं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ''पोरगी किड्यांच्या गप्पा ऐकते.''

त्या वर्षी वांग्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या. बाबांनी सगळं खापर किड्यांवर फोडलं. ''तुझ्याच लाडक्यांनी खाल्लं,'' म्हणत त्यांनी फवारणीचं औषध आणून ठेवलं. रविवारपर्यंत थांबा, किडे खरंच वाढलेत का ते ऐकून बघते, म्हणून मी हातापाया पडले. गावात वेगळंच बोललं जात होतं. बांधापलीकडच्या वाडीतले माझे काका नव्या इमारतींसाठी टँकरवाल्यांना पाणी विकतात, उपसा वाढलाय, म्हणून आमच्या विहिरीचं पाणी खारट होतंय, असं. कुणी हे काढलं की बाबा उसळायचे. ''बाराच्या घंटेला मोटर बंद करणारा माणूस हाय तो. माझा भाऊ पाणी विकील?'' या युक्तिवादाचा मला संताप यायचा, पण काकांची मोटर विहिरीत खोल बसवलेली, तिचा आवाज आमच्यापर्यंत येतच नसे, मग खरं-खोटं कसं कळणार?

शनिवारी घंटा झाली. बाबांनी मोटर बंद केली, डोळे मिटले. मी हेडफोन लावला. किड्यांची गुरगुर जवळजवळ नव्हतीच. इतक्या थोड्या किड्यांनी अख्खी ओळ करपवणं शक्य नव्हतं. त्यांच्याऐवजी एकसारखी घूं ऐकू येत होती. सुई सोडून पलीकडच्या रोपाला बांधली, तरी तीच. बांधाकडे सरकले तशी ती वाढत गेली.

''काय बोलतात गं तुझे तुडतुडे?'' क्रूसाची खूण करून बाबांनी विचारलं.

मी हेडफोन त्यांच्या हातात दिला. आयुष्यभर मोटरी दुरुस्त केलेला माणूस तो, ती घूं कशाची हे त्यांना सांगायची गरज नव्हती. हेडफोन कानाला लावून त्यांनी बांधाकडे पाहिलं. काकांच्या वाडीत कुणी दिसत नव्हतं.

''हे मशीन चुकतं का कधी?'' हेडफोन काढून त्यांनी विचारलं.

एरवी माझी जीभ किती तिखट! त्या क्षणी मात्र मला रडूच येत होतं.

''चुकतं कधी कधी,'' मी म्हणाले.

''मग सुई नीट बांध,'' बाबा म्हणाले आणि त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला.