बागेतला पहिला चाहता

आमच्या परभणीच्या बागेत स्पीकर किंचाळला, की मला त्या उन्हाळ्यातला ऑर्केस्ट्रा आठवतो. ऑर्केस्ट्राच्या मालकानं कापडदुकानात नोकरी करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला एक गाणं दिलं होतं. लोकांना आवडलं तर त्याला सोबत नेणार होता. आवाज म्हणजे गंजलेला हापसा! आम्ही भाजक्या शेंगा फोडत ‘वन्स मोअर’ ओरडलो. तो फुलला, पुन्हा गायला. त्याची बायको माझ्याकडं वाकली, “भावजी, नका ना. त्यांना खरं वाटायलंय.” मी तर खुर्चीवर चढून ओरडलो! तेवढ्यात त्यानं माइकवरून पहिल्या रांगेतल्या दुकानमालकाला सुनावलं, “सेठ, उद्यापासून मी येणार न्हाई!” ऑर्केस्ट्रावाल्यानं अर्थातच त्याला नेलं नाही. आता तो बागेच्या फाटकावर तिकिटं फाडतो, आणि मला फुकट आत सोडतो, पहिला चाहता म्हणून.