पहिला वर गेलेला हात

ती बैठक आठवली की अजून मला एका जागी बसवत नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या कंपनीत मुलाखत संपली की पॅनेलचे आम्ही पाच जण दार लावून बसतो. मॅनेजर विचारतो, "नको कोण म्हणतंय?" त्या दिवशी पहिला हात माझा वर गेला.

उमेदवार पुण्याची होती. मुलाखतीआधी तिनं मला कॉफी मशीनपाशी गाठलं. "ताई, आधीचं काँट्रॅक्ट संपलंय. पंधरा दिवसांत जॉब नाही मिळाला तर परत जावं लागेल. लेक इथल्या शाळेत छान रमलीये हो." आम्हाला मराठीत बोलताना पॅनेलमधल्या सगळ्यांनी पाहिलं. आता हिला हो म्हटलं तर आपलं माणूस घुसवलं म्हणतील! तसं कुणी म्हणालं नव्हतं, तो माझ्याच डोक्यातला किडा.

मग मुलाखतीत मी तिला धारेवर धरलं. मशीन अचानक तापलं तर दोष कुठे शोधशील, हा प्रश्न माझा.

"कूलिंगच्या पाण्याचं टेम्परेचर किती होतं?" तिनं विचारलं.

"ते सोड. उत्तर दे."

"त्याशिवाय नाही सांगता येणार," ती म्हणाली.

तर बैठकीत 'नको'साठी चार हात वर. पाचव्याचे दोन्ही हात सँडविचच्या डब्यावर. तो निवृत्तीला टेकलेला डच टेक्निशियन. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं. मी पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. उरक ना बाबा एकदाचं, असं झालं होतं मला.

"मला एकच कळत नाही," तो म्हणाला. "पाण्याचं तापमान आपण तिला सांगितलं होतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हणाले. कान तापले होते.

"मग मलाही सांगता आलं नसतं. आणि मी तीस वर्षं ही मशिनं दुरुस्त करतोय. माहीत नसताना ठोकून देणाऱ्यापेक्षा मला ही शेजारी कामाला चालेल."

एवढंच. त्यानं आवाज चढवला नाही की कुणाला दोष दिला नाही. मॅनेजरनं नोट्स पुन्हा चाळल्या. माझ्या शेजारी बसलेली म्हणाली, "विचारलं होतं खरं तिनं." अर्ध्या तासात एकेकाचं मत फिरलं. माझं सगळ्यात शेवटी, कारण चूक माझी होती.

दिवाळीत ती चिवड्याचा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "ताई, आई म्हणाली, परक्या देशात आपल्यासाठी आपलंच माणूस भांडतं. तुम्हीच भांडला असणार, मला माहितीये."

दोन टेबलं पलीकडे तो टेक्निशियन आमच्याकडे पाठ करून कसलासा पंप उघडून बसला होता. 'अगं, मी नाही, तो,' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा.

"इतकं कशाला आणलंस?" मी म्हणाले आणि डबा घेतला.