मामांचं बांधणीचं वर्ष

हरून इतक्या थाटात घरी परतणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामी गेल्यावर लेकीने त्यांना सांगलीहून नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आणलं. लेक दिवसभर चिपच्या कंपनीत, नात मराठी ऐकून डचमध्ये उत्तरं देणार, आणि मामा आपले खिडकीत बसलेले. एका दुपारी ते पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले आणि घरामागच्या बेसबॉल क्लबचे होऊन परत आले.

क्लबचं तेव्हा काही खरं नव्हतं. संघ खालच्या गटात घसरला होता, बरे खेळाडू दुसरीकडे निघून गेले होते. या हंगामात एकदा जरी नऊ खेळाडू उभे राहिले नाहीत तर संघ बंद, असं समितीने बजावलं होतं. हे ऐकून मामांनी नऊ माणसं जमवणं घरच्या लग्नासारखं अंगावर घेतलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवरच्या प्रत्येकाला त्यांनी फोन केला. मीही त्याच गावात राहणारा, मला म्हणाले, "जावईबापू, क्रिकेट येतं ना? मग निम्मं काम झालं!" उरलेलं निम्मं शेवटपर्यंत झालं नाही. चेंडू मारला की क्रिकेटच्या सवयीने आम्ही बॅट घेऊनच पळायचो आणि पळून गाठायच्या बेसपाशी पोचल्यावर ती इमानदारीत जमिनीला टेकवायचो. कप्तान यान डोक्याला हात लावून बसायचा. मामा रेषेबाहेरून ओरडायचे, "बॅट टाक!" पुढेपुढे तर कँटीनपुढे बसणाऱ्या डच आज्याही कॉफी खाली ठेवून "बॅट टाक!" म्हणून ओरडायला लागल्या.

स्वतः मामांचं खरं लक्ष चहावर. डाव बदलला की सायकलला अडकवलेला थर्मास निघायचा, आणि त्याबरोबर सांगलीचं भडंग. आपला संघ, समोरचा संघ असला भेद त्यांच्याकडे नव्हता. एकदा पंचांनी भडंगाच्या हाताने चेंडू तपासला आणि तो पुढचा सगळा डाव पिवळा दिसत राहिला. आम्ही सडकून हरलो की मामा म्हणायचे, "अहो, मागच्या खेपेला एकही धाव नव्हती, आज दोन झाल्या. संघ नव्याने उभा राहतोय, बांधणीचं वर्ष आहे!" आणि घंटी वाजवत घरी जायचे. मैदानावर आपली कुणीतरी वाट बघतं, या एका गोष्टीवर त्यांचा आठवडा निघायचा. संघ बंद पडला तर मामा पुन्हा खिडकीत बसणार, याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती.

शेवटच्या सामन्याला नेमके आठच जण आलो. एकाची ट्रेन रद्द झाली होती. यान मामांकडे बघून म्हणाला, "मामा, वी नीड नाइन." मामांनी थर्मास माझ्या हातात दिला, पँट मोज्यांत खोचली आणि कानटोपीवर हेल्मेट चढवलं. त्यांच्या बॅटला चेंडू चक्क लागला. पण मामा जागचे हलले नाहीत. हात वर करून, बेसवरच्या यानला क्रिकेटमधल्यासारखं कडक आवाजात म्हणाले, "नो!" बेसबॉलमध्ये चेंडू मारल्यावर पळावंच लागतं, हे वर्षभर आम्हाला सांगणारे मामा स्वतः मात्र शांतपणे बाद झाले. सामना आम्ही हरलो. पण नऊ माणसं भरली होती, संघ वाचला होता. आज्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

थंडीत मामांचे गुडघे धरले आणि ते सांगलीला परत गेले. या वसंतात आम्ही पहिलाच सामना जिंकलो. मी मैदानावरूनच त्यांना फोन लावला.

"जिंकलो, मामा!"

"ते झालं. आले होते किती जण?"

"अकरा."

मामा म्हणाले, "म्हणजे दोघांना बाहेर बसावं लागलं असेल. त्यांना चहा दिलात ना?"

"दिला," मी म्हणालो. तुमची फार आठवण येते, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं.