जानरावच्या कॅमेऱ्याचं झाकण

सूर्यभानच्या पोटात दुखायला लागलं ते जानरावच्या कॅमेऱ्यामुळं, आणि त्या दुखण्यावर अकोटातल्या एकाही डॉक्टरकडं औषध नव्हतं.

सूर्यभानचा फोटो स्टुडिओ तीस वर्षांचा. लग्नं, बारशी आणि गेलेल्या माणसांचे मोठे करून फ्रेममध्ये बसवलेले फोटो. कॅमेरा नवा, माणसाचा चेहरा आपोआप हुडकणारा. जानराव त्याचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याला पुण्याच्या भाच्यानं आपला पंधरा-अठरा वर्षं वापरलेला डिजिटल कॅमेरा देऊन टाकला. रेंजफाइंडर म्हणतात त्याला. त्यात लेन्समधून दिसतच नाही. कोपऱ्यातल्या काचेच्या खिडकीतून पाहायचं, तिथं मधोमध एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात, ती एकावर एक बसेपर्यंत लेन्सची कडी फिरवायची आणि मग बटण दाबायचं. मागचा पडदाही जानराव बंदच ठेवी. फोटो घरी जाऊन निवांत पाहायचे, हा त्याचा नेम.

"तुही कडी फिरेलोक माणूस उठून चाल्ला जाईन," सूर्यभान हसायचा.

पण माणसं उठून जात नव्हती, हीच तर बोंब होती. कडी फिरवता फिरवता जानराव गप्पा हाणायचा आणि समोरचा माणूस कॅमेरा विसरायचा. अंजनगावच्या बाजारातल्या भाजीवाल्या, स्टँडवर गाडीची वाट पाहणारे म्हातारे, असे त्याचे नऊ फोटो अमरावतीच्या एका प्रदर्शनात लागले. ते छापून, फ्रेम करून दिले कोणी? सूर्यभाननं. छापताना एकेका चेहऱ्यागणिक त्याच्या अंगाची लाही होत होती. फोटो चांगले होते. वाईट असते तर त्यानं जानरावला डोक्यावर घेऊन मिरवलं असतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण जानरावनं पार्बताबाईचा फोटो काढायचं मनात घेतलं.

पार्बताबाई सूर्यभानची आई, वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षांत तिनं लेकाला एकदाही फोटो काढू दिला नव्हता. "तू बुढ्या माणसाचा फोटो काढला का वर्साच्या आत त्याले हार लागते," म्हणायची. तिचं खोटंही नव्हतं. म्हाताऱ्यांना स्टुडिओत आणतात ते त्याचसाठी. आणि तीच पार्बताबाई जानरावला म्हणाली, "ये बापू, काढ." सूर्यभानला कानफटात बसल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जानराव आला. चहा पिताना वाफ लागू नये म्हणून त्यानं खिशातलं झाकण लेन्सवर लावलं. चहा संपला, त्यानं खिडकीला डोळा लावला, कडी फिरवली. खट. झाकण तसंच.

दाराशी उभ्या सूर्यभानला ते दिसलं. दुसऱ्या कॅमेऱ्यात डोळ्यापुढं अंधार झाला असता. इथं खिडकीतून जानरावला सगळं लख्ख दिसत होतं आणि लेन्स मात्र आंधळी होती. "जानराव, झाकण," दोनच शब्द. ते जिभेवर आले आणि सूर्यभाननं गिळले. तो झाकणाकडं बघत राहिला. त्यावरची पुसट अक्षरं, कडेचा उडालेला टवका. जानराव काहीतरी बोलून मोठ्यानं हसला, खट, खट, वीसेक फोटो झाले. सूर्यभानला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

संध्याकाळी जानरावचा फोन आला. "घात झाला ना बाप्पा! झाकण काढाचंच राह्यलं. सारे काळे! काकू काय हासली होती गड्या, असं हासनं मी जिंदगीत नाई पाह्यलं. तुह्या ध्यानात नाई आलं?"

"नाई ब्वा," सूर्यभान म्हणाला.

जेवताना त्यानं तोंड पाडून आईला बातमी सांगितली.

"मले मालूम आहे," पार्बताबाई म्हणाली. "तीस वर्सं तुह्या दुकानात बसली, मले झाकण नाई समजत काय?"

"मंग त्याले सांगतलं काहून नाई? अन् बसली काहाले?"

"पोराले नाई म्हनता येते, घरी आलेल्या माणसाले कसं म्हनू? जिवात धाकधूक होती. मंग झाकण दिसलं. तुह्याकडं पाह्यलं त तुले बी दिसून राहिलं होतं, अन् तू गप्प. म्हटलं, पोराले माह्या मनातलं समजते, त्याले बी हार नको वाटते. तुह्याकडं पाहूनच त हासली मी."

सूर्यभाननं ते हसू आठवून पाहिलं. पुसट अक्षरं आठवली, टवका आठवला. आईचं तोंड काही केल्या आठवेना.

"माय, अजून एकडाव हास ना," तो म्हणाला.

"असं सांगून हासता येते काय रे," पार्बताबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकर वाढली.